जिल्बेर ताबूलो यास काहीही न देण्याबाबत

मी, रेजी शाव्हानेल, वय सहासष्ट, विधुर, कालवे खात्यातून निवृत्त, राहणार धक्क्याची गल्ली, पोर-सां-ज्यूस्त, साओन नदीचा डावा काठ, आज मंगळवारी दुपारी चार वाजता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे सांगता येत नाही. त्यातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे आणि परवा, गुरुवारी सकाळी, ल्यों शहरातले डॉक्टर ती कापून नवी बसवणार आहेत. वाचण्याची शक्यता किती, याचा आकडा त्यांनी मला सांगितला. तो मी इथे लिहवून घेत नाही. शर्यतीआधी आकडे ऐकायचे नसतात, हे मी वयाच्या सोळाव्या वर्षी शिकलो.

मी बोलतो आहे आणि नोटरी श्रीमती सोलांज पेराशों लिहून घेत आहेत. समोर दोन साक्षीदार बसले आहेत. पहिल्या माझ्या शेजारीण ओदेत फ्रिस्का, वय अठ्ठ्याहत्तर. दुसरा जिल्बेर ताबूलो, वय पासष्ट, कौलांच्या कारखान्यातून निवृत्त, आमच्या नौका क्लबात मुलींना वल्हवायला शिकवतो. कायद्याप्रमाणे दोघांनीही पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत या खोलीत हजर राहायचे आहे. एक जण जरी मधून उठून गेला तरी हा कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा उरतो. हे मी नोटरीबाईंकडून दोनदा विचारून घेतले आहे.

आणखी एक विनंती. खोलीत जे कोणी जे काही बोलेल तेही लिहावे. नोटरीबाई म्हणाल्या, "असं नसतं लिहायचं, शाव्हानेल. मृत्युपत्र म्हणजे काय सभेचं इतिवृत्त आहे?" तेही लिहावे.

कलम १. यापूर्वी, माझी पत्नी मिरेय हयात असताना, मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे तिला दिले होते. ती आधी गेली. या बाबतीत तिने माझे कधीच ऐकले नाही.

कलम २. मला मूल नाही. बहीण वारली. तिचा मुलगा फाब्रिस हा कायद्याने माझा एकमेव वारस. त्याला हे राहते घर, आतल्या सामानासह, आणि पोस्टातल्या बचतीचे पुस्तक द्यावे. फाब्रिस वाईट मनुष्य नाही. फक्त त्याला कुठलीही जागा दिसली की तिथे भाडेकरू दिसतात. गेल्या उन्हाळ्यात त्याने आपली व्हॅन होडीघराच्या उतरणीवर उभी केली आणि चार जणींची होडी अर्धा तास खांद्यावर तोलून मुली ताटकळत राहिल्या. मी त्याला बोललो तेव्हा म्हणाला, "मामा, होड्या काय, थांबतात." होड्या थांबतात. खांदे थांबत नाहीत.

कलम ३. बागेतली हत्यारे, मासेमारीचे तीन गळ आणि तळघरातली वाईन यांपैकी हत्यारे ओदेतबाईंना द्यायची माझी फार इच्छा होती, कारण गेली वीस वर्षे ती त्याच वापरतात. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही देता येत नाही. ओदेतबाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचं होतंस! मी कशाला आले असते सही करायला?" त्यांनी हत्यारे आजच घेऊन जावीत. जिवंतपणी हातात दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र आड येत नाही, असे नोटरीबाई सांगतात. हे वाक्य लक्षात ठेवावे. गळ आणि वाईन फाब्रिसला.

कलम ४. पदके. राष्ट्रीय अजिंक्यपदाची आठ, जागतिक अजिंक्यपदाचे एक. राष्ट्रीय संघाची निळी जर्सी, छातीवर कोंबडा, कोपरांवर विरलेली. हे सर्व क्लबला द्यावे, पण भिंतीवर लावू नये. पेटीत ठेवावे. का, ते सहाव्या कलमात येते.

जिल्बेर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आहे. आम्ही दोघे एकाच गावात राहतो, बाजारात भेटतो, नदी किती चढली, पाऊस कधी थांबणार एवढे बोलतो आणि आपापल्या वाटेने जातो. त्रेचाळीस वर्षे असेच चालले आहे. त्याआधी पाच वर्षे आम्ही एका होडीत होतो. दोनच माणसांची होडी, प्रत्येकाला एकच वल्हे. अशा होडीत एकाने श्वास चुकवला तर दुसऱ्याला आधी कळते.

कलम ५. धक्क्यावरचे होडीघर, त्याची जमीन आणि उतरण माझ्या मालकीची आहे. क्लब ती माझ्या मेहरबानीवर वापरतो. ही मालमत्ता क्लबला कायमची द्यावी. मृत्युपत्र न होता मी गेलो तर ती फाब्रिसकडे जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे पर्यटकांसाठी खोल्या निघतील. अट एकच. सहावे कलम क्लबच्या वार्षिक सभेत, सगळे बसलेले असताना, मोठ्याने वाचावे.

कलम ६. जिल्बेर ताबूलो यास मी काहीही देत नाही.

ओदेतबाई म्हणाल्या, "अरे, शोभतं का तुला? तुझ्या होडीतला माणूस!" जिल्बेर म्हणाला, "राहू दे ओदेत. मला काही नको होतं."

त्याला काहीही देत नाही कारण तो साक्षीदार आहे, आणि तो साक्षीदार आहे कारण त्याला हे ऐकवण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. मिरेय गेल्यापासून तीनदा मी त्याच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा हवामानावर बोलून परतलो. इथे त्याला उठता येत नाही आणि मला थांबता येत नाही. म्हणून हे कलम. लिहा, नोटरीबाई, हळूहळू सांगतो.

आमच्या क्लबात एक रीत आहे. वल्हे ज्या कडीत बसते तिच्या तोंडावर एक अडसर असतो आणि तो पितळी चक्रीने आवळतात. बाकीच्या क्लबांत जो तो आपली चक्री आपण आवळतो. आमच्याकडे नाही. आमच्याकडे जोडीदाराची चक्री आपण आवळायची आणि आपली त्याने. शिवाय त्याने आवळली की नाही हे तपासायचे नाही, नजरही टाकायची नाही. तपासणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. म्हातारे प्रशिक्षक बिदो हे पहिल्याच दिवशी सांगत आणि मग त्या मुलाकडे पाठ करून उभे राहत.

१९७६चा जून, राष्ट्रीय अंतिम शर्यत. जी जोडी जिंकेल तिला कोंबड्याची जर्सी मिळणार होती. सकाळी धक्क्यावर जिल्बेरने माझी चक्री आवळली. मी त्याची आवळायला घेतली. दोन वेढे झाले असतील, तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर ओरडला, "शाव्हानेल! इकडे!" मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझा जबडा फोटोत चांगला येतो असे मला कोणीतरी सांगितले होते. मी तोंड वळवले, हसलो. मग पंचांनी होड्या बोलावल्या आणि मी उडी मारून माझ्या जागेवर बसलो. ती चक्री अर्धवट आवळलेली तशीच राहिली.

बाराशे मीटरवर आम्ही पुढे होतो. जिल्बेर माझ्या पाठीमागे होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता, सगळे जुळलेले होते. मग खाडकन आवाज झाला. अडसर उघडला, वल्हे कडीतून निसटले आणि आम्ही पालथे झालो.

इथवर ती चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते. पुढचे ऐका.

मी पाण्याबाहेर डोके काढले तेव्हा पंचांची होडी अजून लांब होती. जिल्बेर पलीकडच्या बाजूला खोकत होता. माझ्या नाकासमोर त्याची कडी होती, अडसर उघडा, चक्री टोकाला लोंबणारी. मी वल्हे परत कडीत सरकवले, अडसर खाली पाडला आणि चक्री आवळली. पूर्ण. शेवटच्या वेढ्यापर्यंत. पाणी थंड होते, बोटे वळत नव्हती, तरी आवळली. कोणी मला सांगितले नव्हते. विचारही केला नव्हता. हाताने परस्पर केले म्हणावे, तर तोही खोटेपणा होईल. मीच केले.

पंचांनी दोन्ही कड्या तपासल्या. पक्क्या होत्या. बिदोंनी जिल्बेरला विचारले, "काय झालं रे?" ओठ निळे पडलेल्या अवस्थेत तो म्हणाला, "माहीत नाही. हात थरथरला असेल." मी शेजारी ब्लँकेट पांघरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, "ताबूलोचा हात थरथरला." निवडकर्त्यांनी मला दुसरा जोडीदार दिला आणि पुढच्या वर्षी मी जगज्जेता झालो. जिल्बेरला कोणी पुन्हा बोलावले नाही. गावाने त्याचे नाव थरथऱ्या ठेवले. एकदा कॅफेत कोणीतरी म्हणाले, "थरथऱ्याला भरलेला पेला देऊ नका, सांडेल." सगळे हसले. मीही हसलो.

ओदेतबाई म्हणाल्या, "मी सुद्धा त्याला थरथऱ्याच म्हणत आले रे. सगळ्यांसमोर." आता त्यांनी रुमाल काढला आहे.

जिल्बेर उठला आहे. नोटरीबाई म्हणाल्या, "मस्यो ताबूलो, आपण खोलीबाहेर गेलात तर..." तो म्हणाला, "माहितेय मला. ऐकलं मी." तो दाराकडे गेला, कडीवर हात ठेवला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. हा माणूस दार उघडून गेला तर होडीघर गेले, मुलींच्या होड्या गेल्या, आणि हे सगळे मी पुन्हा कधी बोलू शकेन असे मला वाटत नाही. माझे हृदय कानात वाजत होते आणि डॉक्टरांनी नेमके तेच टाळायला सांगितले आहे.

तो परत आला, पण खुर्चीवर बसला नाही. फडताळाच्या वर तो फोटो टांगलेला आहे, त्या दिवशीचाच. क्लबने चौकट करून मला भेट दिला होता. त्याने तो खिळ्यावरून काढला, चष्मा लावला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे आणि माझा डावा हात त्याच्या चक्रीवर आहे. चक्रीखाली स्क्रूचे आटे बोटाच्या पेराएवढे उघडे दिसतात. त्रेचाळीस वर्षे त्याच्याखाली बसून मी सूप प्यालो. या खोलीत आलेल्या शंभर माणसांनी तो बघितला. माझा जबडा चांगला आला आहे, असेच सगळे म्हणाले.

त्याने विचारले, "हे तुला माहीत होतं? फोटोत दिसतंय हे?"

मी म्हणालो, "रोज दिसत होतं."

"मग उतरवला का नाहीस?"

"उतरवला असता तर मिरेयने विचारलं असतं, का."

त्यानंतर तो जे बोलला ते मी नोटरीबाईंना शब्दन्‌शब्द घ्यायला सांगितले.

"शर्यत गेली त्याचं मला काही नाही, रेजी. अंतिम शर्यत दरवर्षी कुणीतरी हरतंच. जर्सी गेली, तीही जाऊ दे. पण मी या हातावर भरवसा ठेवायचं सोडलं. लग्नात अंगठी घालताना मी या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. पोरगी झाली, नर्स तिला माझ्याकडे द्यायला आली, तर मी म्हटलं, थांबा, आधी मला बसू दे. कारखान्यात मला यंत्रावर घेत होते, पगार जास्त होता. मीच नाही म्हटलं. म्हटलं, माझा हात फसवतो. माझा हात! आणि तो हात चांगला होता रे. सगळा वेळ चांगला होता."

मी म्हणालो, "मला माफ कर." हे मी माझ्याकडून म्हणतो. उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही, कायद्याने नाही आणि कशानेही नाही.

जिल्बेरने नोटरीबाईंना विचारले, "हा कागद उघडणार कधी?"

नोटरीबाई म्हणाल्या, "मृत्यूनंतर. तोपर्यंत माझ्या तिजोरीत."

"आणि हा गुरुवारी वाचला तर?"

"तर तिजोरीतच. वीस वर्षं जगले तर वीस वर्षं. आणि साक्षीदारांनीही तोवर बाहेर बोलू नये, अशी अपेक्षा असते."

जिल्बेर माझ्याकडे वळला. "बघ, कसं छान जमवलंयस. तू मेलास तरच मी निर्दोष. तू जगलास तर मी थरथऱ्याच. म्हणजे आता मी तुझ्या मरणाची वाट बघायची का? आणि वर पोरींचं होडीघर माझ्या सहीला टांगून ठेवलंयस, म्हणजे मी नाही म्हणूच नये!"

लिहा, नोटरीबाई. त्याचे म्हणणे खरे आहे. मी हे असेच ठरवले होते. हे कलम रचताना मला मरणाची भीती नव्हती, गुरुवारनंतर जिवंत राहून बाजारात जाण्याची होती. मासळीच्या गाळ्यापाशी लोक माझ्याकडे बघतील, ती भीती. मेलेल्याकडे कोणी तसे बघत नाही. मी स्वतःला धीट समजत आलो, कारण मी दोन हजार मीटर छाती फुटेपर्यंत वल्हवू शकत होतो. आज कळले की तो धीटपणा फक्त छातीचा होता.

ओदेतबाई म्हणाल्या, "अरे, मग बस की गप्प आणि दे काय द्यायचं ते आत्ता! फावडं मला आत्ता देतोस, तर ह्याला का नाही?"

त्यावरून पुढील गोष्ट घडली. नोटरीबाईंनी ती घडली तशी नोंदवावी. मी जिल्बेरच्या हातून फोटो घेतला, चौकट उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर माझ्या हाताने लिहिले: "चक्री मी अर्धवट सोडली. पाण्यात मी ती आवळली. जिल्बेरचा हात थरथरला नव्हता. रेजी शाव्हानेल, १४ मे २०१९." मग तो फोटो त्याच्या हातात दिला. ही वस्तू मी जिवंतपणी दिली आहे. ती मृत्युपत्रात येत नाही आणि त्याच्या साक्षीला बाध आणत नाही. मी नोटरीबाईंना विचारले. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

जिल्बेर म्हणाला, "आज सहाला मुली सरावाला येतात. मी हा होडीघराच्या दाराशी लावणार. मागची बाजू पुढे करून."

मी म्हणालो, "लाव."

"गुरुवारी वाचलास तर तुला तिथूनच जावं लागेल, रोज."

मी म्हणालो, "माहीत आहे."

कलम ७. वरील कारणाने पाचव्या कलमातली अट मी काढून घेतो. सभेत वाचण्याची गरज उरलेली नाही. होडीघर क्लबला बिनशर्त द्यावे. होडीत बसण्यापूर्वी जोडीदाराची चक्री आपण आवळण्याची रीत चालू ठेवावी की नाही, हे क्लबने ठरवावे. माझे मत विचारू नये. या बाबतीत माझ्या मताला किंमत नाही.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला वल्ही उभारून कमान करतात तशी कमान करू नये. भाषण करू नये. जिल्बेर आला तर त्याला पुढे बसवू नये आणि मागेही बसवू नये. त्याला हवे तिथे बसू द्यावे. नाही आला तर कोणी विचारू नये, का नाही आला.

याप्रमाणे मी बोललो. नोटरीबाईंनी लिहिले आणि साक्षीदारांसमक्ष मला पूर्ण वाचून दाखवले. सहाव्या कलमाशी जिल्बेर म्हणाला, "ते बाराशे मीटरपासूनचं पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचले. तो खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आम्ही पुढे होतो ना? तेवढं स्पष्ट लिहिलंय ना?" लिहिले आहे. आम्ही पुढे होतो. पूर्ण एक होडीने.

हेच माझ्या मनात होते, ते माझ्या इच्छेने लिहिले गेले, आणि त्यात आता मला एक अक्षरही बदलायचे नाही.

पोर-सां-ज्यूस्त, मंगळवार, १४ मे २०१९, संध्याकाळचे साडेपाच.

मृत्युपत्र करणारा: रेजी शाव्हानेल
(नोटरीची नोंद: कर्त्याचा हात कापत असल्याने सही वेडीवाकडी आली आहे व ती दोनदा करावी लागली. ती त्यांचीच असल्याचे मी प्रमाणित करते.)

नोटरी: सोलांज पेराशों

साक्षीदार पहिली: ओदेत फ्रिस्का
(फावडे, दाताळे व पाण्याची झारी मिळाली.)

साक्षीदार दुसरा: मी हे सगळे ऐकले. माफ केलेले नाही. होडीघर मुलींचे आहे म्हणून सही करतो. मी ती उभ्याने, उजव्या हाताने करतो आहे आणि दुसऱ्या हाताने मनगट धरलेले नाही. हात थरथरला नाही. नोटरीबाईंनी हे पाहिले आहे आणि तसे लिहून घ्यावे.
जिल्बेर ताबूलो
(पाहिले. सो. पे.)